टॅब दिसतो, पान कुठे जाते?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, शिक्षकांच्या एका विज्ञान कार्यशाळेसाठी आम्ही तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत गेलो होतो. शाळेत इंटरनेट जोडलेला संगणक एकच. मुख्याध्यापकांचा पत्रव्यवहार, शिक्षकांची पाठाची तयारी, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे काही त्याच्यावरच चाले. संगणक जुना, ४ गिगाबाइट मेमरीचा. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सर, हा चालतो, पण अगदी रखडत. एक पान उघडायला सांगावं आणि चहा पिऊन यावं. काही करता आलं तर बघा ना."

आम्ही पडद्याकडे पाहिले. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टॅबांची इतकी दाटी झाली होती की एकाचेही नाव वाचता येत नव्हते, नुसती चिमुकली चिन्हे एकाला एक चिकटून उभी होती. मोजले तर ४३ टॅब उघडे निघाले. ग्रहणावरची पाने, प्रश्नपत्रिकांचे नमुने, रेल्वेचे वेळापत्रक, तीन ठिकाणी उघडलेली तीच टपालपेटी. "बंद करू का?" असे विचारताच तिघे शिक्षक एकदम म्हणाले, "नको, नको! त्यातलं माझं एक लागणार आहे."

यावर तोडगा म्हणून आम्ही ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडले. पंधरा मिनिटे ज्या टॅबकडे कोणी पाहिले नाही, त्याला ते झोपवून ठेवते. टॅब पट्टीत दिसत राहतो, पण मेमरी अडवत नाही. संगणक खरोखरच सुटला. सगळे खूश झाले आणि आम्हीही थोडे फुशारलो.

दुपारी दहावीतील एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली. अर्ध्याहून अधिक अर्ज भरून झाला आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक हवा म्हणून ती घरी गेली. पाऊण तासाने परतली, टॅबवर टिचकी मारली, तर अर्ज कोरा! टॅब जागच्या जागी होता, अर्जाचे नावही तेच होते, पण तिने भरलेले एक अक्षरही शिल्लक नव्हते. तिने विचारले, "सर, टॅब तर दिसत होता ना? मग आतलं कुठे गेलं?"

त्या वेळी तिला नीट उत्तर देण्याइतका वेळ नव्हता. मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. तिने पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरला, तिची पाचची एसटी चुकली आणि बाईंनी तिला स्कूटरवरून घरी सोडले. चूक तिची नव्हती, एक्स्टेन्शनचीही म्हणता येणार नाही. ते काय करते हे पुरते न समजून घेता आम्ही ते बसवले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

पान नव्हे, आज्ञावली

'वेब पान' या शब्दाने आपली थोडी फसगत होते. पुस्तकाचे पान एकदा छापले की स्वस्थ पडून राहते. ब्राउझरमधले पान तसे नसते. आपण पत्ता देतो तेव्हा दूरच्या संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, मजकूर येतो, तो कसा मांडायचा याच्या सूचना येतात, चित्रे येतात आणि बहुधा एक छोटी आज्ञावलीही येते. या सर्वांची जुळणी करून ब्राउझर आपल्या संगणकाच्या मेमरीत ते पान उभे करतो. त्यातली आज्ञावली पान समोर असेपर्यंत चालू असते. ती घड्याळ पुढे सरकवते, जाहिरात बदलते, नवे पत्र आले का हे पाहते. आपण दुसऱ्या टॅबकडे वळलो तरी ती थांबेलच असे नाही. म्हणून उघडा टॅब म्हणजे उघडे पुस्तक नव्हे. तो चालू ठेवलेला दिवा आहे.

मेमरी किती लागते? एक साधे गणित करून पाहू. पडदाभर दिसणारे एक छायाचित्र घ्या. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत असे धरू. १९२० × १०८० = २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा रंग आणि पारदर्शकता मिळून ४ बाइट लागतात. म्हणजे ८२,९४,४०० बाइट, सुमारे ८ मेगाबाइट. तेच छायाचित्र इंटरनेटवरून येताना दाबून, घडी घालून आलेले असते. त्या वेळी ते काही शे किलोबाइटचेच असते. पण दाखवायचे तर घडी मोडावीच लागते. पापडाचे पीठ डब्यात मावते, लाटलेले पापड वाळत घालायला मात्र अख्खी गच्ची लागते, तसेच हे.

वेगळ्या चुली

दुसरे कारण ब्राउझरच्या रचनेत आहे. सुरुवातीच्या लोकप्रिय ब्राउझरांत प्रत्येक पानाला स्वतंत्र खिडकी उघडे. एकाच खिडकीत अनेक पाने ठेवण्याची टॅबांची पद्धत पुढे रूढ झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीत टॅब होते, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीने ते घरोघरी पोचवले. मात्र सर्व टॅब एकाच मोठ्या आज्ञावलीच्या पोटात चालत. त्यामुळे एक पान बिघडले की सारा ब्राउझर कोसळे.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला तेव्हा त्यात वेगळी युक्ती होती. टॅब शक्य तितके स्वतंत्र प्रक्रियांमध्ये चालवायचे. एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याला त्रास नाही, आणि एका पानाने दुसऱ्या पानाची माहिती चोरण्यालाही आडकाठी. घरातल्या भावांनी चुली वेगळ्या केल्यासारखेच हे झाले. भांडणे कमी होतात, पण प्रत्येकाला तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाट वेगळा. सुरक्षितता मिळते आणि तिची किंमत मेमरीच्या रूपाने मोजावी लागते. ही पद्धत इतकी उपयोगी ठरली की पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली.

टेबल भरले की काय होते?

आता ४३ टॅबांनी संगणक का रखडला ते पाहू. संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, ही शिक्षकांच्या टेबलासारखी आहे. टेबलावरची वही चटकन हाताशी येते. पण टेबल भरले की काही वह्या उचलून दुसरीकडे ठेवाव्या लागतात. संगणकात ही दुसरी जागा म्हणजे डिस्क. मेमरीतले न लागणारे भाग डिस्कवर ठेवायचे आणि लागतील तेव्हा परत आणायचे ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठाच्या 'ॲटलस' या संगणकात प्रथम प्रत्यक्षात आली. हा संगणक १९६२ मध्ये कार्यरत झाला. त्यात डिस्कऐवजी फिरता चुंबकीय ड्रम होता, पण तत्त्व तेच. आज जवळपास प्रत्येक संगणकात ते वापरात आहे.

अडचण वेगाची आहे. रॅममधून माहिती काढायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. फिरत्या हार्ड डिस्कवर तीच माहिती शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १ लाख पट. टेबलावरची वही उचलायला १ सेकंद लागत असेल, तर या हिशेबाने डिस्कवरची वही आणायला १ लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास! नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये हे अंतर पुष्कळ कमी होते. तिथे १०० मायक्रोसेकंद धरले तरी गुणोत्तर हजाराचे, म्हणजे आपल्या दाखल्यात सुमारे १७ मिनिटे.

अधूनमधून एखादी वही आणावी लागली तर बिघडत नाही. पण टेबल इतके लहान आणि कामे इतकी जास्त, की एक वही आणण्यासाठी दुसरी न्यावी लागते आणि लगेच ती दुसरीच हवी होते, अशी वेळ आली तर? मग सारा वेळ ने-आण करण्यातच जातो, तपासणी होतच नाही. संगणकाच्या या अवस्थेचा अभ्यास पीटर डेनिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने केला. १९६८ च्या आपल्या लेखांत त्याने दाखवले की, ठरावीक काळात एखाद्या आज्ञावलीला मेमरीचे जेवढे भाग खरोखर लागतात तेवढे तिला मिळाले नाहीत, तर काम थोडेसे मंदावत नाही, एकाएकी कोसळते. शाळेतल्या संगणकाचे नेमके हेच झाले होते. बाई चहा पिऊन येत तोवर तो वह्यांची ने-आण करत असे.

कोणाला उठवायचे?

टेबलावर जागा करायची तर कोणती वही उचलावी? या प्रश्नाचे आदर्श उत्तर आयबीएममधील लास्लो बेलाडी याच्या १९६६ च्या अभ्यासात मिळते: जी वही भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे ती उचला. उत्तर बिनचूक आहे, पण भविष्य कोणाला ठाऊक? म्हणून व्यवहारात भूतकाळाचा आधार घेतात. जिला सर्वांत जास्त काळ हात लागलेला नाही, ती पुढेही लवकर लागणार नाही असे गृहीत धरतात. बहुतेक वेळा हे गृहीतक खरे ठरते.

टॅब झोपवणारे एक्स्टेन्शन हेच गृहीतक वापरते. ते प्रत्येक टॅबकडे शेवटचे कधी पाहिले याची नोंद ठेवते. ठरवलेला वेळ उलटला की तो टॅब झोपतो. पण त्या दुपारी ४३ टॅबांत सर्वांत महत्त्वाचा टॅब कोणता होता? ज्याच्याकडे पाऊण तास कोणी पाहिले नव्हते तोच. घड्याळ न पाहिल्याचा काळ मोजते, महत्त्व मोजत नाही. म्हणून चांगल्या एक्स्टेन्शनमध्ये अपवाद सांगण्याची सोय असते: पट्टीत अडकवून ठेवलेला टॅब झोपवू नये, आवाज चालू असलेला झोपवू नये, अर्धवट भरलेला अर्ज असेल तर झोपवू नये, अमुक संकेतस्थळाला कधीच हात लावू नये. आम्ही यांपैकी एकाही खुणेपाशी थांबलो नव्हतो.

पाटी आणि दुकान

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. टॅबचे दोन भाग कल्पा. एक पाटी आणि एक दुकान. पाटीवर पानाचे नाव, पत्ता आणि छोटेसे चिन्ह असते. हे सारे काही किलोबाइटमध्ये मावते. दुकान म्हणजे मेमरीत उभे केलेले प्रत्यक्ष पान. ते दहा-वीस मेगाबाइटपासून काहीशे मेगाबाइटपर्यंत कितीही असू शकते. एक्स्टेन्शन टॅब झोपवते तेव्हा पाटी ठेवते आणि दुकान मोडून टाकते. टॅबवर टिचकी मारली की पाटीवरचा पत्ता वाचून ब्राउझर सर्व्हरकडून माल पुन्हा मागवतो आणि दुकान नव्याने मांडतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. संगणक मेमरीतला भाग डिस्कवर ठेवतो तेव्हा तो जशाच्या तसा जपलेला असतो. उशीर होतो, पण काही हरवत नाही. टॅब झोपवताना मात्र मेमरीतले पान बहुधा टाकूनच दिलेले असते, आणि परत येते ती सर्व्हरकडची प्रत. म्हणून जे सर्व्हरकडे आहे ते परत मिळेल. जे फक्त आपल्या संगणकाच्या मेमरीत होते ते परत मिळण्याची खात्री नाही. मुलीने टंकलिहिलेली अक्षरे 'जतन करा' हे बटण दाबेपर्यंत सर्व्हरकडे गेलेलीच नव्हती. ती दुकानात होती, पाटीवर नव्हती. दुकान मोडले, अक्षरे गेली.

यातून आणखी दोन गोष्टी निघतात. पहिली, झोपलेल्या टॅबला जागे व्हायला इंटरनेट लागते. रात्री घरी तयारी करून ठेवलेले पान सकाळी वर्गात दाखवायचे आहे आणि नेमके नेट गेले, तर झोपलेला टॅब उघडणार नाही. असे पान आधीच संगणकावर पीडीएफ करून ठेवावे. दुसरी, टॅब जागा असला तरी तो भरवशाचा नाही. अर्ज भरताना बराच वेळ हालचाल झाली नाही तर अनेक सर्व्हर स्वतःहून आपल्याला बाहेर काढतात. वीज गेली तर सगळेच जाते. उघडा टॅब ही जतन करण्याची जागा नव्हे, एवढे मुलांच्या मनावर ठसवले तरी पुष्कळ झाले.

एक्स्टेन्शन घरात घेताना

एक्स्टेन्शनची दोन मुख्य कुळे आहेत. एक टॅब जागच्या जागी झोपवणारे, ते आपण पाहिले. दुसरे, सर्व टॅब बंद करून त्यांची नावे व पत्ते एका यादीत मांडणारे. 'वनटॅब' हे या प्रकारातले परिचित नाव. ही यादी सामान्यतः त्या एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या कप्प्यात, आपल्याच संगणकावर असते. एक्स्टेन्शन काढून टाकले की यादीही जाते. म्हणून महत्त्वाची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घ्यावी.

पण त्याआधीचा प्रश्न विश्वासाचा आहे. बसवताना एक्स्टेन्शन परवानगी मागते आणि आपण न वाचता होकार देतो. यादी करायला टॅबांची नावे व पत्ते पुरतात. पण अर्ज अर्धवट भरलेला आहे की नाही हे ओळखायचे तर पानाच्या आत डोकवावेच लागते. म्हणून अशी एक्स्टेन्शने सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. मुलीचा अर्ज वाचवायचा तर राखणदाराला तो अर्ज दिसला पाहिजे, आणि ज्याला अर्ज दिसतो त्याला तो इतरत्र धाडताही येऊ शकतो. या पेचातून पूर्ण सुटका नाही. राखणदार कोण आहे हे पाहणे एवढेच आपल्या हाती असते.

'द ग्रेट सस्पेंडर' या एक्स्टेन्शनची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. टॅब झोपवण्यासाठी ते वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. त्याचा कोड कोणालाही वाचायला खुला होता. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले. त्यानंतर गूगलच्या दुकानात ठेवलेली आवृत्ती आणि खुला कोड जुळत नाहीत, हे काही जागरूक वापरकर्त्यांच्या लक्षात आले. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यात घातक कोड असल्याचे कारण देऊन गूगलने ते हटवले आणि लोकांच्या ब्राउझरांतही बंद पाडले. ज्यांचे टॅब त्या वेळी झोपलेले होते त्यांची मोठी तारांबळ उडाली. पण एक सोय उरली होती. झोपलेल्या टॅबच्या लांबलचक पत्त्यात मूळ पानाचा पत्ता दडलेला असे. तो शोधून अनेकांनी आपली पाने परत मिळवली. पाटी शाबूत होती, म्हणून दुकानाचा ठिकाणा लागला.

आज या कामासाठी वेगळे एक्स्टेन्शन लागतेच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये जानेवारी २०२१ पासून टॅब झोपवण्याची अंगभूत सोय आहे. मेमरी कमी पडू लागली की न वापरलेले टॅब उतरवण्याची सोय फायरफॉक्समध्ये विंडोजवर ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' ही सोय डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आली. ब्राउझरवर आपण आधीच विश्वास टाकलेला असतो. त्याचेच काम त्याने केले तर तिसऱ्या कोणाला घराची किल्ली द्यावी लागत नाही. म्हणून आधी सेटिंगमध्ये डोकवावे. तिथे भागत नसेल तरच एक्स्टेन्शन शोधावे.

टॅब बंद का होत नाहीत?

हे सारे झाले संगणकाच्या मेमरीचे. पण "नको, बंद करू नका" असे तिघे शिक्षक एकदम म्हणाले, ते का? अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न हाताळला. टॅबांच्या गर्दीचा त्रास होत असूनही लोक ते बंद करत नाहीत, असे त्यांना दिसले. कारणे ओळखीची आहेत. उघडा टॅब म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण असते. पान शोधायला कष्ट पडलेले असतात, ते वाया जाऊ द्यायचे नसतात. आणि मुख्य म्हणजे, दृष्टीआड झाले की ते पान पुन्हा कधीच आपल्या हाती लागणार नाही, अशी भीती असते.

म्हणजे टॅब दोन कामे करत असतो. तो पानही असतो आणि उपरण्याला मारलेली गाठही असतो. आपल्याला बहुतेक वेळा पान नको असते, गाठ हवी असते. पण एका गाठीसाठी आपण शंभर मेगाबाइट अडवून ठेवतो. एक्स्टेन्शनचा खरा उपयोग हा की ते पान आणि गाठ वेगळे करते.

मात्र गाठींनाही मर्यादा आहे. माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात, असे जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ च्या प्रसिद्ध लेखात मांडले. नेल्सन कोवन याने २००१ मध्ये ही संख्या चारच्या आसपास आणली. ४३ गाठी मारलेल्या उपरण्यात कोणती गाठ कशाची हे सांगता येत नाही. टॅब अरुंद होत होत नावच दिसेनासे झाले की तो आठवणही देईनासा होतो. संगणकाची मेमरी दुप्पट केली तरी हा प्रश्न सुटत नाही. एक्स्टेन्शननेही सुटत नाही. उलट जागा मोकळी झाली म्हणून आपण आणखी टॅब उघडतो.

तो सोडवायचा तर दिवसाच्या शेवटी प्रत्येक टॅबला तीन प्रश्न विचारावेत. उद्या लगेच लागणार आहे का? असेल तर राहू द्या, पण अशी पाने पाच-सहापेक्षा जास्त नसावीत. पुढे कधीतरी लागेल का? मग पाठाच्या नावाची यादी करून त्यात पत्ता ठेवा आणि टॅब मिटा. का उघडला होता हेच आठवत नाही? मग तो निर्धास्त मिटा. गरज पडली तर ब्राउझरच्या इतिहासात तो बहुधा सापडतो.

वर्गात करून पाहा

या विषयावर मुलांकडून एक सुंदर प्रयोग करून घेता येतो. विंडोज संगणकावर क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये 'शिफ्ट' आणि 'एस्केप' या कळा एकत्र दाबल्या की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोणता टॅब किती मेमरी घेतो हे दिसते.

१. फक्त मजकूर असलेली पाने निवडा. मराठी विकिपीडियावरचे लेख यासाठी चांगले. १, ५, १० आणि १५ टॅब उघडून प्रत्येक वेळी एकूण मेमरीची बेरीज करा.

२. आडव्या अक्षावर टॅबांची संख्या आणि उभ्या अक्षावर मेमरी घेऊन आलेख काढा. समजा, ५ टॅबांना १,००० आणि १० टॅबांना १,५०० मेगाबाइट लागले. तर दर टॅबमागे १०० मेगाबाइट आणि ब्राउझरचा स्वतःचा मूळ खर्च ५०० मेगाबाइट. दोन चलांतील रेषीय समीकरण मुले शिकतातच, त्याला इथे प्रत्यक्ष अर्थ मिळतो. ब्राउझरसाठी २,००० मेगाबाइट मोकळे असतील तर असे किती टॅब सुखाने चालतील? उत्तर १५. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, तुमच्या संगणकावरचे वेगळे येतील. बिंदू अगदी सरळ रेषेत का येत नाहीत यावरही चर्चा करा.

३. हाच प्रयोग चित्रफिती असलेल्या पानांवर करा. रेषेचा चढ किती बदलतो?

४. आता टॅब झोपवा आणि पुन्हा मोजा. यादीतून काय नाहीसे झाले?

५. एका पानाच्या चौकटीत चार शब्द लिहा, पान अर्ध्यावर सरकवा, टॅब झोपवा आणि जागा करा. काय उरले, काय गेले? वेगवेगळ्या पानांवर उत्तर वेगळे येईल. 'काय सर्व्हरकडे होते आणि काय फक्त आपल्याकडे होते' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

पुढच्या भेटीत आम्ही त्याच शाळेत हा प्रयोग मुलांबरोबर केला. शेवटच्या पायरीवर आलो तेव्हा ती मुलगी अकरावीसाठी दुसरीकडे गेलेली होती. अर्ज वेळेत पोचला होता असे बाईंनी सांगितले. संगणकाच्या पडद्याखाली वहीच्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर तिच्याच अक्षरात लिहिले होते: 'उठण्याआधी जतन करा. टॅबवर भरवसा ठेवू नका.' आमच्या अडीच हजार शब्दांचे सार तिने एका ओळीत लिहून ठेवले होते.

तुमच्या शाळेतील मोजमापे आणि आलेख आम्हाला जरूर कळवा.